बॉलची हवा गेली की लव गेली? प्रॅक्टिससाठी टेनिस बॉल निवडायचा सोपा हिशोब

हे आजच्या एपिसोडचं लिखित रूप. बसमध्ये आवाज नीट येत नाही, राजुऱ्याच्या पुढे नेटवर्क जातं, अशा सगळ्यांसाठी. बोललो तसंच ठेवलंय, फक्त "म्हणजे काय की" थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न गडचांदूरच्याच एका पोट्ट्याचा आहे. कॉलेजात आहे, कॉलनीतल्या सिमेंटच्या कोर्टवर रोज सकाळी खेळतो. त्यानं विचारलं, "दादा, टेनिसचे बॉल पंधरा दिवसांत मरतात. प्रेशरलेस बॉल घेऊ, की ते हवा भरायचं यंत्र घेऊन जुनेच बॉल पुन्हा जिवंत करू?"

प्रश्न छोटा वाटतो, पण आपल्याकडे तो महाग पडतो. चांगले बॉल नागपूरहून आणायचे किंवा ऑनलाइन मागवायचे. तीन बॉलचा बरा डबा चारशे-पाचशे रुपयांच्या घरात जातो. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट अशी की महिनाभर मेलेल्या बॉलवर प्रॅक्टिस केली आणि मग नागपूरला स्पर्धेत नवा करकरीत बॉल समोर आला, तर तो खांद्यापर्यंत उडतो आणि तुमची रॅकेट कमरेपाशीच फिरत राहते. मेहनत खरी असते, पण हाताला सवय चुकीच्या टायमिंगची लागलेली असते.

म्हणून आज एकच गोष्ट नीट समजून घेऊ. बॉल दोन प्रकारे मरतो. एक म्हणजे आतली हवा जाते. दुसरं म्हणजे वरची लव जाते. तुमचा बॉल यातल्या कशानं आधी मरतो, ते कळलं की काय विकत घ्यायचं ते आपोआप कळतं.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्या गावात दुकानात जाऊन "टेनिस बॉल द्या" म्हटलं की जो मिळतो, तो बहुतेक वेळा क्रिकेटचा असतो. लाइट किंवा हेवी. त्याचं रबर जाड असतं, हेवी तर चांगलाच कडक आणि वजनदार. तो बॅटसाठी बनवलेला आहे. रॅकेटवर घेतला तर कोपराला झटका बसतो आणि तारांचंही आयुष्य कमी होतं.

टेनिसच्या खऱ्या बॉलचं माप ठरलेलं आहे. वजन ५६ ते ५९.४ ग्रॅम. २५४ सेंटिमीटरवरून, म्हणजे आठ फूट चार इंचांवरून, काँक्रीटवर सोडला तर तो १३५ ते १४७ सेंटिमीटर वर यायला हवा. हे आकडे लक्षात ठेवा, थोड्या वेळानं मोबाइल घेऊन यांचीच टेस्ट करायची आहे.

डबा उघडताना "फुस्स" का होतं?

नेहमीचा टेनिस बॉल हा रबराचा पोकळ गोळा. आतल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १२ ते १४ पीएसआय जास्त असतो. बॉल उडतो तो काही प्रमाणात रबरामुळे आणि बराचसा या दाबामुळे.

आता रबर आपल्याला घट्ट वाटतं, पण हवेच्या कणांसाठी ते बारीक चाळणीसारखं आहे. दाब जिथे जास्त तिथून कमीकडे हवा हळूहळू पाझरत राहते. सायकलची ट्यूब पंक्चर नसतानाही महिनाभरात बसते ना? तसंच. कंपनीनं त्यावर उपाय काढला तो डबा. डब्यातही बॉलच्या आतल्याइतकाच दाब. आत-बाहेर सारखंच, मग हवा जाणार कुठे? "फुस्स" होतं तो त्या डब्यातला दाब सुटल्याचा आवाज. त्या क्षणापासून बॉलचं घड्याळ सुरू झालं. तुम्ही खेळा की कपाटात ठेवा, हवा जातच राहते. साधारण दोन-तीन आठवड्यांत हाताला फरक कळायला लागतो.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा मेमरी लीक आहे. ॲप वापरत नसलात तरी मागे गळती चालूच.

आणि हो, डब्याचं प्लास्टिकचं झाकण परत लावून काही होत नाही. ते फक्त धूळ अडवतं, दाब नाही.

मग प्रेशरलेस म्हणजे काय?

नावातच आहे. आत जास्तीचा दाब नाही. नियमाच्या भाषेत, आतला दाब बाहेरच्यापेक्षा ७ किलोपास्कलहून, म्हणजे १ पीएसआयहून, जास्त नाही. मग तो उडतो कसा? जाड, ताठ रबराच्या जोरावर. काही बॉलमध्ये आत हवेच्या सूक्ष्म कप्प्यांचा भराव असतो. ट्रेटॉर्न या स्वीडिश नावाचे असे बॉल बऱ्याच वर्षांपासून खेळात आहेत.

गळायला दाबच नाही, म्हणून हा बॉल सहा महिने पिशवीत पडला तरी तसाच. उलट गंमत अशी की लव झिजत जाते तसा तो थोडा हलका होतो आणि जरा जास्तच उडायला लागतो.

काही जण म्हणतात प्रेशरलेस म्हणजे डुप्लिकेट माल. तसं नाही. टेनिसच्या आंतरराष्ट्रीय नियमांत दोन्ही प्रकारांना जागा आहे. समुद्रसपाटीपासून १,२१९ मीटरपेक्षा उंच ठिकाणी तर प्रेशरलेस बॉल हा नियमातलाच एक पर्याय आहे, फक्त तो आधी ६० दिवस त्या उंचीवर ठेवलेला हवा. आपल्या राज्यात महाबळेश्वर, पाचगणी त्या उंचीत बसतात. गडचांदूर नाही.

पण तोटे आहेत. बॉल रॅकेटवर कडक लागतो. "लाकडासारखा" असं खेळणारे म्हणतात ते यासाठीच. स्पिन थोडा कमी घेतो. थंडीत रबर अजून ताठ होतं, मग जानेवारीच्या सकाळी तर हाताला झिणझिण्याच. कोपर आधीच दुखत असेल तर प्रेशरलेसनं रोज दोनशे सर्व्हिस मारणं शहाणपणाचं नाही.

आणि हवा परत भरायचं यंत्र?

याला पंप समजू नका. बॉलला भोक पाडून हवा भरत नाहीत. यंत्र म्हणजे एक मजबूत नळी किंवा डबा. आत बॉल ठेवायचे, झाकण आवळायचं, दाब वाढवायचा. आता बाहेर दाब जास्त, आत कमी, म्हणजे तीच चाळणी उलट्या दिशेनं काम करते. हवा रबरातून हळूहळू आत शिरते.

यात दोन वेगळी कामं आहेत आणि जाहिरातीत ती हमखास मिसळली जातात.

पहिलं काम, टिकवणं. खेळून झालं की बॉल लगेच १४ पीएसआयच्या डब्यात. म्हणजे तुम्ही कंपनीचा डबाच परत बंद केला. हे काम यंत्र छान करतं.

दुसरं काम, जिवंत करणं. समजा बॉलचा दाब उतरून ७ वर आलाय. १४ च्या डब्यात ठेवला तर फरक फक्त ७ चा, हवा मुंगीच्या पावलानं आत जाणार, आणि जसजसा फरक कमी तसतशी अजून हळू. २८ च्या डब्यात ठेवला तर फरक २१ चा, म्हणजे सुरुवातीचा वेग तिप्पट. म्हणून बॉल जिवंत करायला जास्त दाब लागतो, तरीही काम तासांचं नाही, काही दिवसांचं असतं. पण तिथेच विसरून ठेवलात तर हवा १४ वर थांबत नाही, पुढे जाते, आणि बॉल फुग्यासारखा उडायला लागतो. म्हणून मधे मधे काढून तपासायचा, आणि झाला की १४ वर आणून ठेवायचा.

कोणीतरी विचारेल, सोड्याच्या मशीनचा कार्बन डायऑक्साइड भरला तर? तो रबरातून हवेपेक्षा खूप लवकर आत जातो, हे खरं. पण तितक्याच लवकर बाहेरही येतो. साधी हवाच बरी.

आता मुद्द्याचं: लव

यंत्रानं हवा परत येते. लव परत येत नाही. जगातलं कुठलंच यंत्र ती परत आणत नाही.

बॉलवरचं ते पिवळं कापड, फेल्ट, लोकर आणि नायलॉनचं असतं. ते दिसायला शोभेचं वाटतं, पण हवेत बॉलचा वेग तेच रोखतं आणि स्पिन मारताना तारा त्यालाच पकडतात. टक्कल पडलेला बॉल हवेत जास्त वेगानं येतो आणि तारांवरून घसरतो. त्याचा टप्पा बरोबर असला तरी खेळ बरोबर नसतो.

मोठ्या मॅचमध्ये पाहा. पुण्याला बालेवाडीत २०१८ पासून काही वर्षं महाराष्ट्र ओपन झाली, त्यातल्या मॅच ज्यांनी मोबाइलवर पाहिल्या त्यांच्या लक्षात असेल. पहिल्या ७ गेमनंतर बॉल बदलतात, मग दर ९ गेमनंतर. पहिल्यांदा ७ च का, तर वॉर्मअपचे दोन गेम धरतात. एवढ्या वेळात हवा कितीशी जाणार? एका तासात नावापुरतीसुद्धा नाही. खरी झीज लवेची असते. आधी ती फुगते, मग उडते.

आणि आपल्याकडचं कोर्ट कसं असतं? बहुतेक ठिकाणी साधं सिमेंट. वर ॲक्रिलिकचा थर नाही, असलाच तर उडालेला. त्यावर आपल्या भागाची खास देणगी, बारीक धूळ. हे कोर्ट म्हणजे पॉलिश पेपरच. त्यावर लव झपाट्यानं जाते. म्हणून डबा घेताना त्यावर "एक्स्ट्रा ड्यूटी" लिहिलंय का बघा, ती जाड लव हार्ड कोर्टसाठीच असते. "रेग्युलर ड्यूटी" मातीच्या कोर्टसाठी.

हिशोब: तुमचा बॉल कशानं मरतो?

दोन खेळाडू घेऊ. आकडे समजुतीसाठी धरलेत, तुमचे तुम्ही टाका.

पहिला, शनिवार-रविवार खेळणारा. सहा बॉल, म्हणजे दोन डबे, समजा ९०० रुपये. आठवड्याला दोन सेशन. तीन आठवड्यांत हवा उतरली, म्हणजे ६ सेशन मिळाले. दर सेशन १५० रुपये. पण लव अजून शाबूत आहे, समजा १५ सेशन चालली असती. दाबाच्या डब्यात ठेवले असते तर तेच ९०० रुपये १५ सेशनला पुरले असते, दर सेशन ६० रुपये. वाचले ९०. यंत्र ३,००० चं धरलं तर ३४ सेशनमध्ये, म्हणजे चारेक महिन्यांत पैसे वसूल. याचा बॉल हवेनं मरतो. यानं यंत्र घ्यावं.

दुसरा, आपला प्रश्न विचारणारा. रोज, सिमेंटवर, तास-दीड तास. त्याची लव समजा १० दिवसांतच गेली. दहा दिवसांत हवा थोडी उतरली असेल, पण बॉल मेला तो लवेनं. यंत्र घेतलं तर काय मिळेल? टप्पा चांगला असलेले टकले बॉल. त्याच्यासाठी ३,००० रुपयांचं यंत्र म्हणजे स्क्रीन फुटलेल्या फोनची बॅटरी बदलण्यासारखं.

यानं काय करावं? बादलीभर प्रेशरलेस घ्यावे, वीस-तीस. सर्व्हिस, भिंतीवरची प्रॅक्टिस, कोणीतरी बॉल टाकतोय आणि तुम्ही एकच फटका शंभर वेळा मारताय, या सगळ्याला तेच. लव झिजली तरी टप्पा राहतो, आणि या कामात टप्पा एकसारखा असणं जास्त महत्त्वाचं. पण आठवड्यातून एकदा तरी, आणि स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात जास्त वेळा, नव्या हवेच्या बॉलवर पॉइंट खेळायचे. हाताला खऱ्या बॉलची आठवण राहिली पाहिजे.

एक नियम पक्का ठेवा. दोन्ही प्रकारचे बॉल एकाच बादलीत टाकू नका. एक बॉल असा, पुढचा तसा, मग हाताला सवय कशाची लागणार? मार्करनं खूण करा आणि वेगळे ठेवा.

मोबाइलनं टेस्ट करा

आता इंजिनिअरचा आवडता भाग. उंची मोजायला पट्टी धरून डोळे फाडायची गरज नाही. कान पुरेसा आहे.

बॉल २५४ सेंटिमीटरवरून सोडा. खोलीत स्टुलावर उभं राहून होतं, स्टूल कोणाला तरी धरायला सांगा. बॉल ढकलायचा नाही, नुसता सोडायचा. खाली साधी फरशी किंवा काँक्रीट. मोबाइलचा व्हॉइस रेकॉर्डर चालू. पहिली "टप" आणि दुसरी "टप" यांच्यामधला वेळ मोजा, रेकॉर्डिंगच्या लाटेत दोन्ही टोकं स्पष्ट दिसतात.

बॉल जितका उंच गेला तितका जास्त वेळ हवेत. शाळेतलंच सूत्र आहे. १३५ ते १४७ सेंटिमीटर उडाला तर हा वेळ साधारण १.०५ ते १.१० सेकंद येतो. बरोबर १ सेकंद आला म्हणजे बॉल फक्त १२३ सेंटिमीटरच्या आसपास उडाला. तर लक्षात ठेवायला सोपं: एक सेकंदाच्या खाली गेला की तो बॉल मॅचसारख्या प्रॅक्टिसमधून बाद.

पाच वेळा सोडा, सरासरी घ्या. आणि शक्य असेल तेव्हा शेजारी नवा बॉल ठेवून तुलना करा, कारण पुढचा मुद्दा.

आपलं ऊन

चंद्रपूर जिल्ह्याचं मे महिन्यातलं ऊन कोणाला सांगायला नको. ४५ डिग्री म्हणजे आपल्याकडे बातमीसुद्धा होत नाही. गरम झालं की बंद जागेतल्या हवेचा दाब वाढतो. २५ डिग्रीला १४ पीएसआय असलेला बॉल ४५ डिग्रीला जवळपास १६ वर जातो. हिवाळ्यात सकाळी ९-१० डिग्रीला तोच साडेबाराच्या आसपास. शिवाय गरम रबर जास्त लवचीक. म्हणून मे महिन्याच्या दुपारी अर्धमेला बॉलसुद्धा ठणठणीत वाटतो, आणि जानेवारीत चांगला बॉलही मेलेला. टेस्ट नेहमी सावलीत, सारख्याच वेळेला करा.

दुसरं, उन्हात रबरातून हवा जास्त लवकर पाझरते. बॉल गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. घरात, माठाजवळच्या कोपऱ्यात मस्त राहतात. फक्त ओल लागू देऊ नका, ओली लव जड होते.

हे मात्र करू नका

यूट्यूबवर पीव्हीसी पाइप, दोन झाकणं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह लावून घरगुती यंत्र बनवतात. जुगाड आपल्या रक्तात आहे, पण इथे थांबा. ३० पीएसआय ऐकायला काहीच वाटत नाही, मोटरसायकलच्या मागच्या टायरमध्ये जवळपास तेवढीच हवा असते. पण ७५ मिलिमीटर रुंद झाकणावर हा दाब म्हणजे नव्वद किलोहून जास्त जोर. एक धट्टाकट्टा माणूस आतून झाकणावर उभा आहे असं समजा. टायर दाब सहन करायलाच बनवलेला असतो. पाण्याचा पीव्हीसी पाइप दाबलेल्या हवेसाठी बनवलेला नाही. फुटला तर नुसता चिरत नाही, त्याचे तुकडे उडतात, आणि तुम्ही तेव्हा वाकून मीटर बघत असता. काचेची बरणी तर अजिबात नाही. यंत्र घ्यायचंच असेल तर दाब दाखवणारा मीटर आणि जास्तीचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह असलेलं, तयार घ्या.

सुईनं हवा भरणं? भोक राहतं, हवा परत जाते. गरम पाण्यात बुडवणं? थंड झाला की जैसे थे, आणि लव ओली होते ती वेगळी.

दोन झटपट प्रश्न

"लहान भावाला शिकवायचंय, वय ८. कुठला बॉल?" वरच्यापैकी एकही नाही. मुलांसाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या खुणेचे मंद बॉल येतात. हिरवा नेहमीपेक्षा साधारण २५ टक्के मंद, नारिंगी ५० टक्के, लाल ७५ टक्के. ८ वर्षांच्या मुलाला लाल किंवा नारिंगी द्या. पूर्ण पिवळा बॉल दिला तर तो त्याच्या डोक्यावरून जाईल आणि पोरगं कंटाळून परत मोबाइल घेईल.

"मेलेल्या बॉलचं काय करू?" हे काय विचारणं झालं बे! टेप गुंडाळा आणि गल्लीतल्या क्रिकेटवाल्यांना द्या. उरलेले खुर्चीच्या पायांना लावा, फरशीवर ओरखडे येणार नाहीत. रबर लवकर कुजत नाही, नाल्यात फेकू नका.

तर आज रात्री होमवर्क एवढाच. तुमचे जुने बॉल काढा. आधी डोळ्यांनी लव बघा, मग कानानं टप मोजा. लव आहे पण टप एक सेकंदाच्या खाली? यंत्राचा विचार करा. लव गेलीय? प्रेशरलेसची बादली घ्या आणि एक नवा डबा रविवारसाठी राखून ठेवा. दोन्ही ठीक? मग पैसे खर्च करू नका, खेळायला जा.

तुमच्या बॉलचे किती सेकंद आले, ते कमेंटमध्ये लिहा. कोर्ट कसलं आहे आणि किती वाजता मोजलं तेही सांगा, म्हणजे सगळ्यांना तुलना करता येईल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!